नकाशात आमचा दरवाजा कुठाय?



या अंकात कविता आहेत, मोर्च्याचे वृत्तांत आहेत, आणि संपादकीयात मी एका इमारतीवर लिहितोय. तीही न बांधलेल्या. काही दोस्त विचारतील, झोपड्या तुटतायत, नोकऱ्या कंत्राटावर गेल्यात, आणि हा गोदीतला हमाल आर्ट म्युझियमच्या नकाशाचं काय घेऊन बसलाय? म्हणून आधीच सांगतो. इमारत हा जातीचा फार जुना कागद आहे. वाडा कुठं, पाणवठा कुठं, देऊळ कुठं आणि आपली वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला, हे कुणीतरी कधीतरी आखलंच होतं. देवळाची कितवी पायरी कुणासाठी शेवटची, हे दगड बसवणाऱ्याला माहीत होतं. तेव्हा नकाशा हा आर्किटेक्टचा खासगी मामला आणि आपण फक्त घमेली उचलायची, हे मला मान्य नाही.

गोष्ट भायखळ्याची. ज्या रस्त्याला बाबासाहेबांचं नाव आहे त्याच रस्त्यावर, राणीबागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते उघडलं तेव्हा त्याच्यावर इंग्लंडच्या राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. भाऊ दाजींचं नाव आलं १९७५ साली. संग्रहालय मुंबई महापालिकेचं, म्हणजे कागदोपत्री तुमचं-माझं. त्याला आजच्या कलेसाठी उत्तरेकडं नवा विभाग जोडायचं ठरलं. जगभरच्या आर्किटेक्टांची स्पर्धा लागली. झाहा हदीद, रेम कूल्हासची ओएमए, लंडनची अमांडा लेव्हीट असली बडी नावं त्यात होती. २०१४ साली निवड झाली अमेरिकेच्या स्टीव्हन हॉलची. हा माणूस १९४७ चा, जन्म ब्रेमर्टनचा. तिथं अमेरिकन नौदलाची गोदी आहे. फिनलंडात हेलसिंकीला किआस्मा नावाचं आजच्या कलेचं म्युझियम त्यानं बांधलं, ते १९९८ साली उघडलं. तो इमारत आधी जलरंगात रंगवतो, मग तिचा नकाशा होतो.

भायखळ्यासाठी त्यानं कल्पिलं ते असं. सव्वा लाख चौरस फुटांचं पांढरं काँक्रीट. भर घालायची ती वजा करून, हे त्याचं सूत्र. म्हणजे जागेच्या हद्दीएवढा एक ठोकळा धरायचा आणि त्यात खाचा पाडत जायचं. मला तर आपली लेणी आठवली. डोंगरातून नको तेवढं काढून टाकलं की उरतो तो विहार. या खाचांतून दिवसाचा उजेड आत उतरणार, पण मोजून मापून, चित्राचा रंग उडू नये इतकाच. मधल्या मोठ्या खाचेत पावसाचं पाणी जमणार, तिथून ते तळ्यात जाणार, आणि त्या एकाच तळ्यात जुनी इमारत अन् नवी इमारत दोघींचं प्रतिबिंब पडणार. पाण्याच्या खाली सूर्यावर चालणाऱ्या विजेच्या पट्ट्या. म्युझियमला लागणाऱ्या विजेतली ६० टक्के वीज त्या देणार, असा हिशेब होता.

दहा वर्षं उलटून गेली. इमारत उभी राहिली नाही.

हे कळल्यावर आपल्यातलेच काही साथी म्हणाले, बरं झालं. साला लोकांना संडास नाही, आणि यांना पांढरं काँक्रीट पाहिजे. माझं भांडण इथून सुरू होतं.

संडास पाहिजे, यात वाद नाही. पण संडास की संग्रहालय, हा सवाल आपल्याला कोण घालतंय ते बघा. समुद्रात रस्ता बांधताना हा सवाल कुणी विचारत नाही. टॉवरला परवानगी देताना गरिबाचा संडास कुणाच्या स्वप्नात येत नाही. पुस्तकं, चित्रं, मोकळा हॉल, उजेड, अशी गोष्ट निघाली की लगेच आमची गरिबी पुढं करतात, आणि आपण माना डोलावतो. आपली भूक दाखवून आपल्यालाच कमी मागायला शिकवणारी ही भाषा आहे. बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. त्यांना कुणी म्हणालं असतं की आधी समाजाच्या पोटाचं बघा, तर त्यांनी त्याला दारातून परत पाठवला असता.

दहा बाय बाराच्या खोलीत दिवसा ट्यूबलाइट लावून अभ्यास केलेली आपण पोरं. उजेड कशाला म्हणतात ते आपल्याला विचारा. उंच भिंतीवरून खाली येणारा, कुणाच्या बापाचं भाडं न मागणारा उजेड हा चैनीचा माल नाही. तो आपल्या वाट्याला आलेला नाही, एवढंच.

आता हक्काचं बोलू. मी वैतरणाला राहतो. विरारच्या पुढचं पहिलं स्टेशन. पहाटेच्या गाडीनं मुंबईला गोदीत येतो. गाडी सुटली की मागं खाडी दिसते, त्या खाडीतली रेती वर्षानुवर्षं मुंबईच्या बांधकामात गेली. ती काढणारा डुबीवाला तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलाय? होडीतून बादली घेऊन खाली जायचं, तळाची रेती भरायची, छाती फुटायच्या आत वर यायचं. दिवसभर तेच. कान जातात, छाती जाते. नंतर सक्शन पंप आले, रात्रीचे चालायला लागले, आणि रेल्वेच्या पुलाच्या खांबांखालची रेती जाते की काय अशी पाळी आली. बिल्डरच्या जाहिरातीत या माणसाचा फोटो नसतो.

पाण्याचंही तेच. वैतरणेवर मोडक सागर झाला १९५७ साली, अप्पर वैतरणा १९७३ साली, मध्य वैतरणा २०१४ साली. हे शेवटचं धरण महापालिकेनंच बांधलं, रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मुंबईला मिळावं म्हणून. ज्या साली भायखळ्याच्या म्युझियमचा नकाशा ठरला तेच साल. एकाच पालिकेची दोन कामं. पाण्याचं झालं, उजेडाचं राहिलं. आणि नदीच्या वरच्या अंगाला, मोखाडा-शहापूरच्या पाड्यांवर, बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. धरणं त्यांच्या डोळ्यांसमोर, नळ मुंबईत. पावसाचं पाणी साठवणारं तळं म्युझियमच्या मधोमध काढणाऱ्या आर्किटेक्टला ही नदी कुणी दाखवली असती तर त्या तळ्याला वेगळा अर्थ आला असता. तळ्याच्या काठावर एक ओळ कोरली असती तरी पुरे होतं, की या शहराचं पाणी कुठून येतं आणि कुणाच्या तोंडचं येतं.

तेव्हा आपण त्या इमारतीपुढं हात पसरून उभे नाही. रेती आपल्याकडची, पाणी आपल्याकडचं, काँक्रीट ओतणारे हात आपले. राहतो तो दरवाजा. त्याच्यासाठी हे सगळं लिहितोय.

जुन्या संग्रहालयात आज आपण कुठं आहोत? काचेच्या कपाटात. मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत तिथं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. कुठली जात कसली पगडी घालते, कुठला धंदा कोण करतो, हे साहेबाला समजावं म्हणून केलेल्या. कारागिरी सुरेख आहे, नाकारत नाही. पण बघणारा काचेच्या एका बाजूला आणि राबणारा दुसऱ्या बाजूला, ही मांडणी तिथं पक्की झाली. बाहेर बागेत घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायला काढला, क्रेन मोडली, हत्ती पडून फुटला. १९१४ साली तुकडे जोडून उभा केला. गोदीत वजन उचलणाऱ्याला हा हत्ती लगेच कळतो. आपल्याकडचं उचलून न्यायची घाई मोठी असते, आणि माल फुटला की दोष क्रेनचा.

सार्वजनिक म्हणजे काय, हे आपल्याला महाडनं शिकवलं. १९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं. कागदावर. प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि लावल्यावर डोकी फुटली. म्हणून ‘सर्वांसाठी खुले’ ही पाटी दिसली की मला चवदार तळं दिसतं. पाटी कुणी लावली ते विचारू नका. आत कोण गेलं ते मोजा.

गोदीपासून चालत जावं इतक्या अंतरावर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. ती वास्तू मुळात सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ साली सुरू झालेला. तिथं मैफली झाल्या, बॉक्सिंगचे सामने झाले, लग्नं लागली, कामगार संघटनांच्या सभा झाल्या. दिल्लीचे आर्किटेक्ट रोमी खोसला यांनी त्या हॉलच्या पोटात मजले बसवले आणि १९९६ साली संग्रहालय उघडलं. वर घुमटापर्यंत चढत चढत चित्रं बघायची. जागा देखणी झाली. पण ज्या छताखाली कामगार संपाचं बोलायला जमायचे तिथं कामगाराचा पोरगा आज दबकत शिरतो. कायदा त्याला अडवत नाही. त्याला अडवते ती शांतता, ते पॉलिश, त्या नजरा. आणि वेळ. ही सगळी कलेची घरं सकाळी उघडतात आणि संध्याकाळी बंद होतात. पाळी सुटून आपण बाहेर पडतो तेव्हा त्यांच्या दाराला कुलूप असतं.

एकदा एका आर्ट गॅलरीत दुपारच्या सुट्टीत गेलो. अंगावर गोदीचे कपडे. दारातल्या वॉचमननं मागच्या बाजूला बोट दाखवलं, सामान उधर से. तोही आपल्यासारखाच, गाव सोडून आलेला, कंत्राटावरचा. त्याच्यावर राग काढून काय करू? त्यानं इमारत बरोबर वाचली होती. नकाशात दोन दारं असतात, एक बघणाऱ्यांचं आणि एक उचलणाऱ्यांचं. चित्रांच्या पेट्या मागच्या दारानं येतात, आणि त्या पेट्या उचलणाऱ्यानं आतलं चित्र भिंतीवर लागलेलं बघावं, ही शक्यता आर्किटेक्टच्या पेन्सिलीनं धरलेली नसते. मागचं दार लागतं, मला मान्य आहे. अवजड माल पुढून नेता येत नाही. पण मागून आलेल्या माणसाला आतल्या आत पुढं येता येतं का, हा सवाल रेषेचा आहे. तो नकाशातच सुटतो नाहीतर कधीच सुटत नाही.

हे होऊ शकतं का? झालंय. ब्राझीलमध्ये साव पावलो शहरात लिना बो बार्डी नावाच्या बाईनं कलेचं संग्रहालय बांधलं, ते १९६८ साली उघडलं. इटलीत जन्मलेली ही बाई. तिनं अख्खी इमारत दोन टोकांच्या खांबांवर उचलून धरली आणि खाली ७४ मीटर लांबीची जागा मोकळी सोडली. मधे एक खांब नाही. त्या मोकळ्या जागेत सभा झाल्या, बाजार भरले, मोर्चे जमले. चित्रं वर, माणसं खाली, आणि खालच्यांना तिकीट नाही. वरच्या मजल्यावर चित्रं भिंतीवर न टांगता काचेच्या फळ्यांवर उभी केली, म्हणजे कुठून बघायला सुरुवात करायची ते बघणाऱ्यानं ठरवावं. द्रष्टा आर्किटेक्ट म्हणतात तो असा. त्याला इमारतीच्या आधी येणारी माणसं दिसतात.

आणि उलटंही झालंय. अबुधाबीत सादियत बेटावर लूव्र संग्रहालय २०१७ साली उघडलं. जाँ नूव्हेल या फ्रेंच आर्किटेक्टचा नकाशा. जाळीदार घुमटातून उजेड पावसासारखा गळतो. जगानं वाहवा केली. पण त्या बेटावर बांधकाम करणाऱ्या मजुरांचे पासपोर्ट मालकाकडं ठेवले जातात, कामासाठी दलालाला दिलेल्या पैशाच्या कर्जात ते अडकतात, हे ह्यूमन राइट्स वॉचनं २००९ सालीच अहवालात मांडलं होतं. मजूर कुठले? हिंदुस्थान, पाकिस्तान, बांगलादेशचे. २०११ साली १३० हून जास्त कलावंतांनी त्याच बेटावरच्या गुगेनहाइम म्युझियमवर बहिष्कार जाहीर केला, आधी मजुरांचं बघा म्हणून. म्हणजे उजेडाचा पाऊस पाडता येतो, आणि तो पाडणाऱ्याला अंधारात ठेवता येतं. दोन्ही एकाच नकाशात बसतं. म्हणून नुसत्या उजेडावर भाळायचं नाही.

आपल्या बाजूचंही एक उदाहरण घ्या. वैतरणा आणि वसईच्या खाडीच्या मधे सोपारा. जुनं बंदर. बौद्ध कथेतला पूर्ण याच गावचा व्यापारी. ‘दिव्यावदाना’त त्याची गोष्ट आहे. दासीच्या पोटी जन्मलेला, सावत्र भावांनी वाटणीत डावललेला. पुढं तो समुद्रावर गेला, मोठा झाला, आणि जहाजातून आलेल्या चंदनाचा प्रासाद त्यानं बुद्धासाठी बांधवला. कथा म्हणून घ्या. पण दासीच्या पोरानं बंदरावर उतरलेल्या मालातून इमारत उभी केली, ही कल्पना या किनाऱ्याला कधीच सुचून गेलीय. गोदीतल्या माणसानं वास्तूचं स्वप्न बघणं ही काही आजची आगाऊ गोष्ट नाही.

त्याच सोपाऱ्याला मातीचा एक ढिगारा होता. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला लोकांनी राजा केलं होतं! १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला तेव्हा आत स्तूप निघाला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ बुद्धमूर्ती, करंडकाच्या आत एकात एक करंडक, सगळ्यात आत सोन्याचा, आणि त्यात भिक्षापात्राचे तुकडे. भिकेच्या वाडग्याचे तुकडे सोन्यात ठेवले होते. हे भगवानलाल कोण? भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेला माणूस. ज्यांचं नाव भायखळ्याच्या संग्रहालयाला आहे तेच भाऊ दाजी. सापडलेल्या वस्तू मुंबईत एशियाटिक सोसायटीकडं गेल्या. आपल्याकडं टेकडी राहिली.

मला त्या स्तूपाचा नकाशा पटतो. आत सगळ्यात मोलाची जागा कशाला दिली, तर मागून खाणाऱ्याच्या पात्राला. आजच्या कलेच्या घरात मधली जागा कशाला देणार? मातीच्या बाहुल्यांना नवं काचेचं कपाट देणार असाल तर आम्हाला ते नको. आपल्या पालघर जिल्ह्यातले जिव्या सोमा म्हसे. शेणाच्या सारवणावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग ओढणारा वारली माणूस. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली, २०११ साली पद्मश्री झाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या माणसांच्या साखळ्या, तारप्याभोवतीचा फेर, आजच्या कलेच्या दालनात पाहिजे, हस्तकलेच्या दुकानात नव्हे. नागपूरच्या सवी सावरकरांची देवदासीची, गळ्यात मडकं बांधलेल्या माणसाची चित्रं पाहिजेत. विक्रांत भिसे, राज्यश्री गुडी यांच्यासारखी आत्ताची पोरं-पोरी जे करतायत ते पाहिजे. हे कुणी कोपऱ्यात ‘दलित विभाग’ म्हणून लावलं तर तो पुन्हा महारवाडाच झाला, फक्त पांढऱ्या काँक्रीटचा.

तेव्हा मागणी सरळ आहे. भायखळ्याचा नवा विभाग बांधा. हॉलचा नकाशा घ्या नाहीतर दुसरा काढा, पण उजेडाला कात्री लावू नका. रस्त्यावरून थेट आत जाणारी मोकळी जागा ठेवा, तिथं तिकीट नको, बॅग तपासायचं कारण सांगून हाकलणं नको. पाळी सुटल्यावर येणाऱ्यासाठी आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री दार उघडं ठेवा. जे बांधतील त्या सगळ्यांची नावं भिंतीत कोरा, मुकादमापासून पाणी मारणाऱ्या बाईपर्यंत, आणि त्यांची मजुरी कायद्याप्रमाणं दिल्याचा हिशेब त्याच भिंतीवर लावा. विकत काय घ्यायचं आणि टांगायचं काय हे ठरवणाऱ्या समितीत आपली माणसं घ्या, शोभेला एक नको. आर्किटेक्टच्या सहीइतकंच हे सगळं नकाशाचा भाग आहे.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्या दोस्तांनो, एक काम. आपण कविता लिहिल्या, आत्मकथनं लिहिली. शब्द आपण हिसकावून घेतला. रेषा अजून त्यांच्याच ताब्यात आहे. जे. जे.त आर्किटेक्चर शिकणारी आपली चार-दोन पोरं आहेत, ती फी भरताना मेटाकुटीला येतात, आणि पास झाल्यावर बिल्डरच्या ऑफिसात दुसऱ्याच्या फ्लॅटचे संडास आखत बसतात. त्यांना सोबत घ्या. पुढच्या अंकाची आठ पानं आम्ही मोकळी ठेवतोय. भायखळ्याच्या त्या जागेवर तुम्ही काय बांधाल ते काढून पाठवा. ज्याला टी-स्क्वेअर धरता येतो त्यानं टी-स्क्वेअरनं काढावं, ज्याला येत नाही त्यानं कोळशानं काढावं. माप चुकलं तरी चालेल. फक्त दरवाजा कुठं आहे, तो किती रुंद आहे आणि कुठल्या रस्त्यावर उघडतो, ते ठळक दाखवा.

जयभीम.